आधी वारा बघा, मग तिकीट काढा: उत्तर आइसलँडमध्ये वसंतात देवमासे बघायला येणाऱ्यांसाठी

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर एयाफ्योर्दुर नावाचा फ्योर्द आहे. जमिनीत साधारण ६० किलोमीटर आत शिरलेला समुद्र, दोन्ही कडांना हजार-बाराशे मीटरचे डोंगर आणि आतल्या टोकाला वीसेक हजार वस्तीचं आकुरेरी. मी तिथे एका गेस्टहाऊसचं बुकिंग आणि नाश्ता बघते. मूळची डोंबिवलीची, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. मुलगा म्युनिकला, लेक डब्लिनला, आईवडील उन्हाळ्यात तिकडे आलेले, मग "जरा आइसलँड करून येतो, व्हेल दाखवशील ना?" दाखवणारी मी कोण! पण काय केलं म्हणजे दिसायची शक्यता वाढते आणि काय केलं म्हणजे तीन तास पिशवीत तोंड घालून जातात, ते बघून बघून पाठ झालंय. तेवढं एकदाच लिहून टाकते.

तारखा कोणत्या धरायच्या

आपल्याकडच्या शाळांची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून, म्हणून बरेच जण एप्रिलची तिकिटं काढून मोकळे होतात. एप्रिल वाईट नाही. डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे असतात, बोटीवर गर्दी नसते, फोटो सुरेख येतात. पण एप्रिल म्हणजे इथे हिवाळ्याची शेपटीच. सकाळी ऊन, दुपारी बर्फ, संध्याकाळी रस्ता बंद, असं एकाच दिवसात होतं, आणि वाऱ्यामुळे बोटी रद्द होण्याचं प्रमाणही जास्त. माझ्या आईवडिलांना मी एप्रिलमध्ये बोलावणार नाही. तुमच्या हातात असेल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा, जूनचा पहिला आठवडा जोडता आला तर फारच छान. मेच्या मध्यावर सूर्य पहाटे चारच्या आत उगवतो आणि रात्री अकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे "उजेड गेला" ही अडचणच उरत नाही.

देवमासे वसंतात इथे येतात ते निव्वळ खायला. हिवाळ्यातल्या वादळांनी समुद्राचं पाणी खालवर घुसळलेलं असतं, तळाची पोषकद्रव्यं वर आलेली असतात. एप्रिल-मेत उजेड वाढला की त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, पाणी हिरवट दिसायला लागतं. त्या वनस्पतींवर क्रिलसारखे बारीक जीव पोसतात, त्यांच्यामागे हेरिंग आणि केपलिन या छोट्या माशांचे थवे, आणि सगळ्यांच्या मागे हंपबॅक जातीचे देवमासे. उत्तर अटलांटिकमधले हे हंपबॅक हिवाळा कॅरिबियन समुद्रात किंवा केप व्हर्दे बेटांजवळ काढतात. तिथे वीण होते, पिल्लं होतात, पण खाणं जवळपास नाही. हजारो किलोमीटर पोहून उपाशी आलेला प्राणी इथे जेवायला बसलेला असतो, म्हणून तो एका जागी टिकतो आणि आपल्याला दिसतो. सगळेच दक्षिणेला जातात असंही नाही. काही थंडीतही फ्योर्दात दिसतात, म्हणून आकुरेरीहून बोटी वर्षभर सुटतात. (जाता जाता सांगते, आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, आणि ते थंड पाण्याकडे फिरकतच नाहीत. वर्षभर तिथेच राहणारी हंपबॅकची ती एकमेव वस्ती आहे.)

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच हालचाल करा. व्हिसाबद्दल याहून जास्त मला विचारू नका.

कुठून बसायचं

रेक्याविकच्या जुन्या बंदरातूनही देवमासे दाखवणाऱ्या बोटी सुटतात. ज्यांना दोनच दिवस आहेत त्यांनी तिथूनच जावं. पण तिथला फाख्साफ्लोई उपसागर उघडा आहे, लाटा थेट येतात. आमचा फ्योर्द डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे पाणी बऱ्यापैकी शांत राहतं, आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी एवढं एकच कारण उत्तरेला येण्यासाठी पुरेसं आहे.

उत्तरेला चार बंदरं लक्षात ठेवा. आकुरेरी सगळ्यांत सोयीचं, हॉटेलातून चालत धक्क्यावर. मात्र हंपबॅक बहुतेक वेळा फ्योर्दाच्या मध्यावर, ह्रिसेय बेटाच्या आसपास असतात, त्यामुळे तिथून निघालात तर अर्धा-पाऊण तास नुसतं जाण्यात जातो. हॉयगानेस आणि दालविक ही मच्छीमारांची गावं त्याच फ्योर्दाच्या पश्चिम काठावर, आकुरेरीहून गाडीने अर्धा-पाऊण तास. तिथून बोट सुटली की थोड्याच वेळात देवमाशांच्या भागात पोचते. गाडी असेल तर मी डोळे झाकून यांतलं एक निवडते. हॉयगानेसला परतीच्या वाटेवर गळ टाकून कॉड पकडायलाही देतात, त्यामुळे कोकणातल्या मंडळींना तिथून ओढून आणावं लागतं.

चौथं हुसाविक. ते या फ्योर्दावर नाही, पूर्वेकडच्या स्क्याल्फांदी उपसागरावर आहे. आकुरेरीहून साधारण तासाभराचा रस्ता. नाव सगळ्यांत मोठं त्याचंच, कारण १९९० च्या दशकात देवमासे दाखवण्याचा धंदा तिथे जोरात वाढला आणि १९९७ साली सुरू झालेलं देवमाशांचं संग्रहालय बंदराला लागूनच आहे. संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो आधी बघा आणि मग बोटीत बसा; पाण्यावर दिसणारी पाठ म्हणजे किती थोडा भाग आहे ते तेव्हा कळतं. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये स्क्याल्फांदीत कधीकधी खराखुरा निळा देवमासाही येतो. ज्यांना तोच बघायचाय त्यांनी हुसाविकला दोन रात्री काढाव्यात आणि मन तयार ठेवावं. तो फ्योर्दातल्या हंपबॅकइतका भरवशाचा नाही.

कोणती बोट

इथे फोटो बघून निर्णय घेऊ नका. स्वतःची पाठ, गुडघे आणि पोट यांना विचारा.

तीन प्रकार आहेत. पहिला, मासेमारीच्या जुन्या ओक लाकडी बोटी, डागडुजी करून प्रवाशांसाठी वापरलेल्या. फेरी तीन तासांची, चाल संथ, उंची बेताची. आत बसायची जागा थोडीच, त्यामुळे बहुतेक वेळ उघड्यावर. दुसरा, लोखंडी मोठी बोट, आत गरम केबिन, खिडक्या, स्वच्छतागृह, वर दोन मजल्यांचे डेक. साठीच्या पुढच्या आणि लहान मुलांच्या आईबापांनी दुसरा विचार न करता हीच घ्यावी. कंटाळलेलं मूल आत झोपवता येतं, आणि वरच्या डेकवरून लांबपर्यंत दिसतं.

तिसरा प्रकार रबरी काठांची वेगवान स्पीडबोट. जाहिरातीतले सगळे थरारक फोटो हिचेच. ही देवमाशांपर्यंत झटकन पोचते, पाण्याच्या पातळीवर बसल्यामुळे प्राणी अवाढव्य वाटतो, फेरी दोन तासांत संपते. पण लाटेवर आपटते, आणि ती आपट थेट मणक्यात जाते. कंबरेचा, मानेचा, स्लिप डिस्कचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांना बहुधा घेतच नाहीत. आत जायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. पंचविशीतली पोरं खूश होऊन परत येतात. त्यांच्याबरोबर हौसेने गेलेल्या वडिलांना नंतर गेस्टहाऊसच्या जिन्यावर कठड्याला धरून चढताना मी बघितलंय.

साध्या बोटीचं तिकीट मोठ्या माणसाला बारा ते पंधरा हजार क्रोनांच्या (इथलं चलन) दरम्यान असतं, स्पीडबोटीचं बरंच जास्त. मुलांना सवलत असते.

वारा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कुणी विचारत नाही. सगळे विचारतात तापमान. तापमानाचा बंदोबस्त कपड्यांनी होतो, वाऱ्याचा होत नाही.

आमचा फ्योर्द उत्तरेकडे उघडा आहे. दक्षिणेचा वारा डोंगर ओलांडून येतो, उबदार असतो, आतल्या भागात पाणी सपाट ठेवतो. उत्तरेचा वारा मात्र तोंडातून सरळ आत घुसतो आणि लाटाही घेऊन येतो. आइसलँडच्या हवामान खात्याच्या साइटवर वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात असतो, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. माझा स्वतःचा हिशोब असा: ५ च्या खाली असेल तर नशीबवान आहात, निघा. ८ पर्यंत ठीक, गोळी घेऊन जा. १० च्या पुढे आणि तोही उत्तरेचा, तर बोट सुटत असली तरी मी आईला पाठवणार नाही. त्याहून फार वाढला तर कंपनीच फेरी रद्द करते आणि पैसे परत किंवा दुसरी तारीख देते.

आणखी एक गोष्ट शाळेच्या भूगोलातली. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? मेमध्ये आकाश निरभ्र असलं की दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा फ्योर्दात शिरतो. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी दुपारी दोननंतर चोळामोळा होतं. पर्यटक मात्र उशिरा उठून, निवांत नाश्ता करून दुपारची फेरी घेतात. तुम्ही सकाळची पहिली घ्या. रात्री नऊच्या आसपासची फेरी असेल तर तीही उत्तम, कारण तोवर वारा पडलेला असतो आणि उजेड तिरपा, सोनेरी असतो.

यातून प्रवासाची आखणी कशी करायची ते ओघाने येतं. आकुरेरीत किमान तीन रात्री ठेवा आणि बोट पहिल्याच पूर्ण दिवशी घ्या. रद्द झाली तर हातात आणखी एक सकाळ राहते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण "शेवटी गोड" म्हणून बोट शेवटच्या दिवशी ठेवतात, त्याच दुपारी विमान असतं, आणि वारा सुटतो.

कपडे

बोटीवर अंगभर जाडजूड ओव्हरऑल देतात, वर रेनकोटही देतात. त्यामुळे तीस हजारांचं जॅकेट घेऊन यायची गरज नाही. पण ओव्हरऑलच्या आत काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. अंगालगत सुती कपडा नको. सुती बनियन घामाने ओलं झालं की तीन तास ओलंच राहतं. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, मग त्यांचा ओव्हरऑल. पायात लोकरीचे मोजे, आणि बूट इतके घट्ट नकोत की दुहेरी मोज्यांनी रक्तच अडेल.

साडीवर ओव्हरऑल चढत नाही. प्रयत्न झालेले आहेत. आमच्या आत्याने नऊवारी असती तर जमलं असतं असा दावा केला होता आणि त्यात तथ्य असावं, पण तुम्ही सलवार किंवा पँट घाला. ओव्हरऑल चढवण्याआधी धक्क्यावरच्या स्वच्छतागृहात जाऊन या. त्या अवतारात बोटीच्या हलत्या संडासात शिरणं म्हणजे शिक्षा.

आता माकडटोपी. तरुण मंडळी नाक मुरडतात, पण कान, गाल, हनुवटी आणि मान एकाच वेळी झाकणारी, वाऱ्याने न उडणारी याहून सोयीची वस्तू मला इथल्या दुकानात दिसलेली नाही. आणाच. हातमोजे दोन प्रकारचे: आत पातळ, ज्यांनी फोनचं बटण दाबता येतं, आणि वरून जाड. चष्मा असेल तर त्याला मागून दोरी लावा आणि ओव्हरऑलच्या खिशात सुती रुमाल ठेवा, कारण खारे तुषार काचेवर वाळले की पांढरे डाग पडतात. गॉगल हवाच, बर्फाचे डोंगर आणि पाणी दोन्हीकडून उजेड डोळ्यांत घुसतो.

पोट

गाडी लागणाऱ्यांना बोट लागणारच असं नाही, आणि कधीच गाडी न लागलेल्यांना बोट लागू शकते. त्यामुळे "मला काही होत नाही" हे वाक्य बंदरावरच सोडून द्या.

गोळी भारतातूनच आणा. अव्होमिन किंवा स्टुजेरॉन, जी तुम्हाला सोसते ती, बोट सुटायच्या दोन तास तरी आधी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीतून बाहेर पडते, बाकी काही करत नाही. अव्होमिनने झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा रोजची औषधं चालू असतील, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

उपाशी जाऊ नका आणि तट्ट खाऊनही नको. दीड तास आधी कोरडं काहीतरी: टोस्ट, खाकरा, सुका पोहे-चिवडा. दूध, तेलकट, लोणचं नको. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा. माझ्याकडे आई दरवर्षी पाठवते आणि दर मे महिन्यात पाहुण्यांनाच संपतात. एक वडी गालात धरली की मळमळ बऱ्यापैकी आटोक्यात राहते.

बोटीवर मधोमध आणि मागच्या बाजूला हेलकावा सगळ्यांत कमी असतो. मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन आडवं व्हायची इच्छा होते, पण बंद जागेत ती वाढते. बाहेर या, वारा तोंडावर घ्या आणि नजर लांबच्या डोंगरावर ठेवा. फ्योर्दाच्या पूर्वेला काल्दबाकुर नावाचा ११७३ मीटरचा डोंगर आहे, मेमध्ये पूर्ण पांढरा. तो हलत नाही, त्याच्याकडेच बघत राहा. फोनच्या पडद्याकडे अजिबात नाही. उलटी आलीच तर वाऱ्याच्या दिशेने तोंड करू नका. बोटीवरची पोरं कागदी पिशव्या घेऊन तयार असतात, त्यांना यात काही विशेष वाटत नाही, तुम्हीही लाजू नका.

बघायचं कसं

गाइड माइकवर "थ्री ओ'क्लॉक" असं ओरडते. बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, मागे सहा, डावीकडे नऊ. हे कुणी आधी सांगत नाही. आमचे एक काका मनगटावरचं घड्याळ बघून "अजून अकराच वाजलेत" म्हणाले होते.

सुरुवातीला नजर जवळच्या पाण्यावर खिळवू नका. लांब, क्षितिजाच्या जरा खाली, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. शोधायचा आहे तो श्वास. हंपबॅकचा फवारा दोन-तीन मीटर उंच, झुडपासारखा पसरट असतो आणि मागे काळा डोंगर असेल तर पांढरा धूर उठल्यासारखा उठून दिसतो. निळ्या देवमाशाचा सरळ उंच खांब, नऊ मीटरपर्यंत. मिंकी या लहान जातीच्या देवमाशाचा फवारा जवळपास दिसतच नाही, तो फक्त पाठीवरचा वाकडा बारका पर दाखवतो आणि गायब होतो, "कुठे? कुठे?" करेपर्यंत संपलेलं असतं.

पक्ष्यांकडेही लक्ष ठेवा. एका ठिकाणी समुद्रपक्षी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे, आणि जिथे थवा तिथे देवमासा यायची शक्यता. मेच्या मध्यावर अंटार्क्टिककडून आलेले आर्क्टिक सुरय दिसायला लागतात. पफिन एप्रिलमध्येच पोचलेले असतात. पंख इतके भराभर मारतात की उडताना हमखास ओळखू येतात.

हंपबॅक सापडला की त्याची लय ओळखा. तो वर येऊन थोड्या थोड्या वेळाने काही श्वास घेतो. प्रत्येक वेळी फवारा, पाठ, पाठीवरचा छोटा पर, पुन्हा पाण्यात. मग एका श्वासानंतर पाठीची कमान नेहमीपेक्षा जास्त वर येते, कणा उंच वळतो. इथे कॅमेरा तयार हवा, कारण पुढच्या दोन-तीन सेकंदांत शेपूट वर येते. त्यानंतर तो खोल गेला. आता पाच-सात मिनिटं तरी काही नाही. शेपूट गेली त्या जागी पाण्यावर तेल सांडल्यासारखं गुळगुळीत वर्तुळ उरतं. ते बघून लोक तिथेच टक लावून बसतात, पण तो तिथे वर येत नाही. या मधल्या वेळात पुन्हा लांबवर नजर फिरवायला लागा.

शेपूट जवळून दिसली तर खालची बाजू नीट बघा. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते, ओरखडे असतात, कडेला खाचा असतात, कधी किलर व्हेलच्या दातांच्या समांतर रेघा. प्रत्येक हंपबॅकची नक्षी वेगळी, आणि त्यावरूनच संशोधक त्यांना वर्षानुवर्षं ओळखतात. बोटीवरच्या गाइडपैकी काहींना नेहमीचे प्राणी नावानिशी माहीत असतात. तुमच्याकडे शेपटीच्या खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो आला असेल तर उतरताना त्यांना दाखवा, त्या खूश होतात.

वारा पडलेला असला की इंजिन बंद केल्यावर श्वास ऐकू येतो. अचानक, बाजूने, कुकरची वाफ सोडल्यासारखा. आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे असाल तर वासही येतो. सडक्या माशांचा, कोबी उकळल्याचा, दोन्हींचा मिळून. वास आला तर नाक दाबू नका, इतक्या जवळ येणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.

फोटोबद्दल एकच सांगते. फोनने काढायचा असेल तर फोटोऐवजी व्हिडिओ लावा आणि फोन छातीशी धरून डोळ्यांनी बघा. पडद्यातून शोधणाऱ्यांना बहुधा फक्त पाणी मिळतं. फोनला गळ्यात दोरी हवी. हातमोज्यातून निसटलेला फोन परत मिळत नाही.

जवळ घ्या म्हणून कप्तानाला सांगू नका. इथल्या बहुतेक कंपन्यांनी आपणहून एक आचारसंहिता मान्य केली आहे: देवमासा जवळ आला की वेग कमी, अगदी जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रलला, मागून पाठलाग नाही, आणि एकाच प्राण्याभोवती तासभर रेंगाळायचं नाही. "पैसे भरलेत, अजून थोडं पुढे घ्या" असं आपलीच माणसं म्हणताना ऐकलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं. प्राणी स्वतःहून बोटीखाली आला तर गोष्ट वेगळी, तसंही होतं.

येण्याजाण्याचं

आंतरराष्ट्रीय विमान केफ्लाविकला उतरतं, पण आकुरेरीचं देशांतर्गत विमान रेक्याविक शहरातल्या वेगळ्या, छोट्या विमानतळावरून सुटतं. मधे ५० किलोमीटर आहेत. दोन विमानांत निदान चार तास ठेवा. विमान पाऊण तासात पोचवतं. गाडीने आलात तर रेक्याविकहून ३९० किलोमीटरच्या आसपास, न थांबता पाच तास. शेवटचा ओक्स्नादाल्सहेइदी घाट मेमध्येही एखाद्या दिवशी बर्फाने निसरडा होतो, तेव्हा निघण्यापूर्वी रस्ते विभागाच्या साइटवर रस्त्याची स्थिती दाखवणारा रंग बघा. वाऱ्यात गाडीचं दार एका हाताने उघडू नका. उलटं वळलेल्या दाराचा खर्च भाड्याच्या गाडीच्या विम्यात बहुधा बसत नाही.

हुसाविकला जाताना ७.४ किलोमीटरचा वादलाहेइदी बोगदा लागतो. टोलनाका दिसत नाही म्हणून फुकट समजू नका. कॅमेरा नंबर टिपतो. पैसे त्याच दिवशी ऑनलाइन भरा, नाहीतर गाडी भाड्याने देणारा आपली फी लावून नंतर वसूल करतो.

बोटीनंतर गरम पाण्यात बसायचंच. हॉयगानेसला समुद्राकाठीच गरम पाण्याचे टब आहेत, आकुरेरीत मोठा सार्वजनिक तलाव आहे. फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवते, नंतर मला दोष नको: तलावात उतरण्याआधी सगळ्यांसमोर, कपडे पूर्ण काढून, साबणाने अंघोळ करावी लागते. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, पण आत पडदा असेलच असं नाही. इथे कुणी कुणाकडे बघत नाही. सासू-सुना एकत्र येणार असतील तर वेळा वेगळ्या ठरवा.

शाकाहारी लोकांनी मेतकूट, चटणी, थेपले बरोबर ठेवा. आकुरेरीत भारतीय जेवण मिळतं, हॉयगानेस-दालविकला मासे आणि ब्रेडवर भागवावं लागतं. आइसलँडने २००६ साली देवमाशांची व्यावसायिक शिकार पुन्हा सुरू केली, आणि काही हॉटेलांत पर्यटकांसाठी ते मांस मेनूत असतं. सकाळी ज्याला बघून आलात त्याच्याच भाऊबंदाला संध्याकाळी खायचं नसेल तर ऑर्डर देण्याआधी वेटरला विचारून घ्या.

आणि देवमासा दिसलाच नाही तर? मेच्या अखेरीस हे क्वचित होतं, पण होतं. बऱ्याच कंपन्या अशा वेळी पैसे देत नाहीत, पुढच्या फेरीचं फुकट तिकीट देतात. बुक करताना ही अट वाचून घ्या, तिकिटाची मुदत विचारा, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या खिडकीवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीत नाव लिहून टाका. बाकीचे लोक हॉट चॉकलेट संपवून येईपर्यंत जागा भरलेल्या असतात.